आधी ताळा जमवा, मग वही मिटा

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढणारा भाविक गिरिजात्मजाच्या दर्शनाच्या ओढीत असतो. कातळावरच्या अक्षरांकडे त्याचे लक्ष जात नाही. पण जुन्नरभोवतीच्या लेण्यांत प्राचीन शिलालेख आहेत आणि त्यांतल्या काहींत कोणी किती निवर्तने जमीन दान दिली, हे चक्क कोरून ठेवले आहे. दगडावरची ती नोंद आहे तिथेच राहिली. पुढे जमिनीची नोंद कागदावर आली आणि आमच्या डोळ्यांदेखत कागदावरून संगणकात गेली. नोंद अशी घर बदलते तेव्हा एकच प्रश्न महत्त्वाचा असतो : जुन्यात होते तेच नव्यात आले का?

जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. हाताने लिहिलेला सातबारा संगणकात उतरवताना कुठे नावातले अक्षर बदलले, कुठे क्षेत्राचे आकडे इकडचे तिकडे झाले, कुठे एखादा वारसच गळाला. कागदावरची ही बारीकशी चूक, पण पीककर्जाच्या वेळी तीच डोंगराएवढी होते. 2017 साली सरकारने राज्यभर चावडीवाचनाची मोहीम घेतली. गावकऱ्यांसमोर सातबारा वाचायचा आणि जुन्या-नव्यातले फरक काढायचे, ही कल्पना उत्तमच होती. पण त्या दिवशी ज्याचा फरक निसटला त्याला पुढे महसूल संहितेच्या कलम 155 खाली अर्ज घेऊन तहसील कचेरी गाठणे आले. चूक यंत्रणेची आणि हेलपाटे शेतकऱ्याचे!

बँकेत उमेदवारी केलेल्या माझ्या पिढीला यावरचा उपाय ठाऊक आहे. 1984 साली डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा अहवाल दिला आणि पुढे शाखाशाखांत संगणक आले. पण म्हणून लेजर लगेच मिटले नाही. काही काळ दोन्ही शेजारी शेजारी चालत. आम्ही त्याला 'पॅरलल रन' म्हणत असू. जी नोंद लेजरमध्ये, तीच यंत्रात; आणि संध्याकाळी दोन्हींची शिल्लक ताडून पाहायची. खिडकीशी उभ्या असलेल्या खातेदाराला मात्र लेजरमधली शिल्लकच सांगितली जाई. यंत्र चुकले तरी त्याची झळ त्याला पोचत नसे.

खरी कसोटी व्याजाच्या वेळी लागे. 1 एप्रिल 2010 पूर्वी बचत खात्यावरचे व्याज महिन्याच्या 10 तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर काढत. हाताने काढलेला आकडा आणि यंत्राचा आकडा जुळला नाही की सगळ्यांची बोटे यंत्राकडे वळत. पण शोध घेतल्यावर कधी जुन्या लेजरमधलीच बेरीज चुकलेली निघे. ताळ्याचा हा मोठा गुण : तो नव्याला तपासतो आणि जुन्याचीही झाडाझडती घेतो.

आजच्या संगणकतज्ज्ञांनी हीच रीत फार सफाईने अंगीकारली आहे. जगभरचे प्रोग्रॅमर आपले काम ज्या संकेतस्थळावर ठेवतात, त्या 'गिटहब'ला कोणाला काय पाहण्याचा अधिकार आहे हे ठरवणारा भाग नव्याने लिहायचा होता. तो चुकला तर एकाचे खासगी काम दुसऱ्याला उघडे पडणार. म्हणून त्यांनी जुना भाग चालू ठेवला आणि नवा त्याच्या शेजारी बसवला. कोणी काही मागितले की दोघांनाही तोच प्रश्न जातो. उत्तर दिले जाते ते जुन्याचे. नव्याचे उत्तर आणि त्याला लागलेला वेळ फक्त टिपून ठेवायचा. नवा कोसळला तरी बाहेर कोणाला पत्ता लागत नाही. 'सायंटिस्ट' नावाच्या त्या साधनाची पहिली पक्की आवृत्ती 2016 साली त्यांनी सर्वांसाठी खुली केली.

या रीतीला पथ्ये आहेत. नोंद दोन वह्यांत झाली तरी रोकड एकदाच द्यायची, हे कॅशियरला शिकवावे लागत नाही. संगणकाला शिकवावे लागते. म्हणून ही तुलना केवळ वाचण्याच्या कामाला लावायची. पैसे वळते करणे, पत्र धाडणे अशी कामे दोन्हींकडून करवली तर एका चेकचे पैसे दोनदा जायचे. आरंभी शेकड्यातले एखादेच काम दोघांकडून करवून घ्यावे, म्हणजे यंत्रावर भार पडत नाही. टिपून ठेवलेल्या फरकांत लोकांची खासगी माहिती असते, ती उघड्यावर पडू देऊ नये. आणि प्रत्येक फरकाचे कारण सापडेपर्यंत जुन्याला निरोप देऊ नये.

यात वेळ जातो, दुप्पट खर्च होतो, ही तक्रार खरी आहे. पण घाईची किंमतही पाहावी. एप्रिल 2018 मध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेने सुमारे 50 लाख खातेदारांचे व्यवहार एका शनिवार-रविवारात नव्या यंत्रणेवर हलवले. 19 लाखांपर्यंत लोकांना आपल्याच खात्यात शिरता येईना. डिसेंबर 2022 मध्ये नियामकांनी त्या बँकेला 4 कोटी 86 लाख पौंडांहून अधिक दंड केला. दंड वसूल झाला. पगाराच्या आणि हप्त्याच्या दिवसांत ज्यांची कोंडी झाली त्यांचे ते दिवस कसे परत यावेत?

आपल्याकडे रेशन, निवृत्तिवेतन, वीजबिल, फेरफार सारे आता संगणकावर आहे, आणि त्यामागची यंत्रणा दर काही वर्षांनी बदलणारच. बदलाला माझा विरोध नाही. मागणी इतकीच की ताळा जमवण्याचे काम आणि त्याचा खर्च यंत्रणा बदलणाऱ्याने करावा, तोही बदलण्यापूर्वी. जुने-नवे किती ठिकाणी जुळले नाही आणि त्याचे काय केले, हे जाहीर करावे. दर संध्याकाळी ताळा जमल्याखेरीज बँकेतला कारकून घरी जात नसे. राज्याच्या कारभाराला तेवढी शिस्त जड वाटू नये.