जातीचा रकाना आणि ऊसतोडीचा फड

१९३१ नंतर प्रथमच जनगणनेत सगळ्या जातींची नोंद होणार आहे. केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी तसे ठरवले. मराठा-ओबीसी वादात आपला जिल्हा आधीच होरपळलाय. ऑक्टोबर २०२३ ची जाळपोळ कोण विसरेल? चकलांब्याच्या पारावर आता एकच हिशेब, कुणाची संख्या किती भरणार! काहीजण तर प्रगणकाकडून 'कुणबी' लिहून घेऊ म्हणतात. पण या नोंदीवर जातीचा दाखला निघत नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याने ती गुप्त असते, पुरावा म्हणून चालत नाही. मग त्या बिचाऱ्या मास्तरांवर दबाव आणून काय साधणार?

खरा धोका वेगळाच आहे. माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, म्हणजे ऐन ऊसतोडीत ठरलीय. मोजणीची सगळी मुदत जो बाहेर असतो, तो असेल तिथेच मोजला जातो, गावात नाही. कोयते सगळ्याच जातींचे. फडावरच्या कोपीत ते मोजायचे राहिले, तर त्यांची नोंद कुठेच नाही. आकड्याची ताकद आपण पाहिलीय. शून्य ते सहा वयात हजार मुलांमागे ८०७ मुली, हे २०११ च्या गणनेनेच जिल्ह्याला दाखवले.

तेव्हा ग्रामसेवकांनी टोळ्या निघण्याआधीच कोण कुठल्या कारखान्याला चाललाय ते टिपून ठेवावे. मुकादमांनीही तळावर प्रगणक आला नाही, तर तिथल्या तहसीलला कळवावे.