अकरावा नाचणारा कुठे गेला?

डहाणू लोकलमध्ये विरार सोडलं की बघा, कुणीतरी मोबाइलवर जुना पोकेमॉन खेळत असतंच. गेमबॉय कधी हातात न घेता! ही करामत इम्युलेटरची. इम्युलेटर म्हणजे दुसऱ्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर. आपल्याकडे त्याची ओळख ‘फुकटात गेम’ एवढीच. (दुसऱ्याचा गेम असा ढापणं चूकच.) पण गेम बनवणाऱ्यांसाठी तेच खरं हत्यार आहे.

गेमबॉय १९८९चा. स्क्रीन १६० बाय १४४ ठिपक्यांची, छटा चार, मेमरी ८ केबी. आपला गेम कुठे अडकला, हे त्या डब्यात डोकावून कळत नाही. इम्युलेटरमध्ये मात्र गेम मध्येच थांबवून मेमरीतला आकडा न् आकडा वाचता येतो. कंपन्या यासाठी खास हार्डवेअर वापरायच्या, ते आपल्या आवाक्यातलं नाही. पण जीबी स्टुडिओ आणि एमजीबीए फुकट आहेत, जुन्या लॅपटॉपवरही चालतात. तलासरीच्या मुलाला मुंबई गाठायची गरज नाही.

समजा, तारपा नाचाचा गेम करायचाय. दोन त्रिकोणांचा वारली माणूस ८ बाय १६च्या चौकटीत मस्त मावतो. पण गेमबॉय एका आडव्या ओळीत अशा दहाच हलत्या आकृत्या दाखवतो. अकरावा नाचणारा गायब! काही इम्युलेटर ही मर्यादा काढायची सोय देतात. तिथे फेर पूर्ण दिसतो आणि खऱ्या यंत्रावर फसतो. म्हणून शेवटची चाचणी खऱ्या गेमबॉयवरच हवी. कॉलेजमध्ये एक जुना गेमबॉय आणि एक फ्लॅश कार्ट्रिज सगळ्यांत मिळून पुरे. आणि हो, चित्रं पाड्यावरच्या चित्रकाराकडूनच घ्या, पैसे आणि नाव देऊन. गूगलवरून उचलू नका.

अडचण वेगळीच आहे. माझ्या एका मैत्रिणीने कॉलेजात हा विषय काढला, तर उत्तर आलं, ‘लॅबमध्ये गेम चालणार नाही.’ तिकडे दरवर्षी तेच लायब्ररी मॅनेजमेंटचं प्रोजेक्ट मात्र बिनबोभाट पास होतं! ८ केबीत गेम बसवताना मेमरी म्हणजे काय हे जितकं कळतं, तितकं त्या कॉपी-पेस्ट फॉर्ममधून कळत नाही. कॉलेजांनी हा विषय प्रोजेक्ट म्हणून घ्यायलाच हवा.

तोवर एक युक्ती. सरांसमोर ‘गेम’ म्हणू नका. ‘इम्युलेटरवर डीबगिंग’ म्हणा.