हलगीचा ठेका आणि यंत्रे

लेझीम खेळणारी वीस पोरे एकदम वाकतात, ती एकमेकांकडे बघून नव्हे, हलगीच्या ठेक्यावर. शेजाऱ्याचे बघून पाऊल टाकणारा मागेच राहतो. यंत्रांचेही तसेच आहे.

जयंतीला चौकात दोन मोठे पडदे लागतात. दोन यंत्रांतून एकच चित्रफीत एकदमच सुरू केली, तरी तासाभराने भाषणाचा आवाज घुमू लागतो. यात पडदेवाल्याचा दोष नसतो. प्रत्येक यंत्रात क्वार्ट्झचे स्वतःचे घड्याळ असते. दोन घड्याळांत दहा लाखांत वीस भागांचा फरक असला, तर तासात ७२ मिलिसेकंदांचे अंतर पडते. आपल्याकडे व्हिडिओची साधारण २५ चित्रे सेकंदाला सरकतात, म्हणजे एक चित्र ४० मिलिसेकंदांचे. जवळजवळ दोन चित्रे चुकली!

दूरदर्शन केंद्रांत यासाठी सर्व यंत्रांना बाहेरून एकच इशारा देतात. त्याला जेनलॉक म्हणतात. हे काम संगणकाचा प्रोग्रामही करतो. आलेला ठोका आणि आपला ठोका यांतले अंतर तो मोजत राहतो. मागे पडल्यास घड्याळ किंचित पळवतो, पुढे गेल्यास आवरतो. मात्र घड्याळाचा वेग बदलण्याची सोय यंत्रातच हवी. ती नसेल, तर एखादे चित्र गाळणे किंवा दोनदा दाखवणे एवढेच हाती उरते, आणि डोळ्याला झटका जाणवतो.

बाहेरच्या ठोक्याची हीच गरज आपल्या हिंगोली जिल्ह्यात येणाऱ्या एका मोठ्या कामाला आहे. औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांचे हे यंत्र दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीतून उठलेल्या लहरी टिपणार आहे. अशी लहर पहिल्यांदा अमेरिकेत १४ सप्टेंबर २०१५ रोजी सापडली. लिव्हिंग्स्टनच्या यंत्रात आधी आली, सुमारे ३००० किलोमीटरवरच्या हॅनफर्डला ७ मिलिसेकंदांनी नंतर. या फरकावरूनच ती कोणत्या दिशेने आली याचा अंदाज बांधतात. घड्याळे जुळलेली नसतील तर सगळा हिशेब फुकट! म्हणून तिथली घड्याळे जीपीएस उपग्रहांच्या ठोक्याला बांधलेली असतात.

अशा यंत्रांना शास्त्रज्ञांइतकेच तारा जोडणारे, घड्याळे तपासणारे, प्रोग्राम लिहिणारे हातही लागतात. आयटीआयला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे आतापासून ठाऊक असावे, असे आम्हाला वाटते.

तोवर घरी एक प्रयोग करावा. भिंतीवरची दोन घड्याळे मोबाइलच्या वेळेवर लावून महिनाभर हात न लावता ठेवावीत, आणि मग सेकंदकाटे बघावेत.