विश्वासू म्हणजे कोणाचा?

'विश्वासू' हा शब्द मराठीत एकटा येत नाही. विश्वासू नोकर म्हटले की त्याचा मालक डोळ्यांसमोर येतो. कोणीतरी कोणावर तरी भरवसा टाकल्याखेरीज हे विशेषण सिद्धच होत नाही. आजच्या संगणकयुगात मात्र हा शब्द मोकाट सुटला आहे. यंत्र विश्वासू, प्रणाली विश्वासू, चिपसुद्धा विश्वासू! ती कोणाशी इमान राखणार, हे कोणी सांगत नाही.

हा विषय विज्ञान शाखेचा, त्यात आपण कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी कशाला डोके घालावे, असे काही वाचकांना वाटेल. त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गूढलेखनशास्त्राचा आजही प्रमाण मानला जाणारा नियम १८८३ साली मांडला तो ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी, आणि हे गृहस्थ पॅरिसमध्ये जर्मन भाषा शिकवीत असत! संदेश गूढ करण्याची सारी पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहावी ती फक्त किल्ली, असा त्या नियमाचा आशय. म्हणजे कुलूप किती भारी आहे याला महत्त्व थोडे. किल्ली कोणाच्या कमरेला आहे, हा खरा प्रश्न.

१९९३ साली अमेरिकेत क्लिंटन सरकारने टेलिफोनसाठी 'क्लिपर' नावाची चिप पुढे आणली. तिच्यामुळे संभाषण चोरून ऐकणाऱ्याला कळणार नव्हते. परंतु प्रत्येक चिपची किल्ली दोन तुकडे करून दोन सरकारी खात्यांकडे ठेवायची होती. रीतसर परवानगी मिळाली की तुकडे जोडून सरकारने ऐकावे, अशी योजना. पद्धतही गुप्तच ठेवली होती. १९९४ साली मॅट ब्लेझ या संशोधकाने दाखवून दिले की, सरकारची ही वाट बंद करूनही चिप वापरता येते. म्हणजे जाणकार लबाड निसटणार आणि साधा नागरिक तेवढा ऐकला जाणार! पुढे काही वर्षांतच ही योजना बारगळली.

हाच प्रश्न आता आपल्या टेबलावरील यंत्रात आला आहे. १९९९ साली काही बड्या संगणक कंपन्यांनी एकत्र येऊन 'विश्वासू संगणना' हा कार्यक्रम हाती घेतला. त्यातून निघालेली चिप संगणक सुरू होताना कोणकोणते प्रोग्रॅम चालू झाले याची नोंद ठेवते आणि आतील किल्ली बाहेर पडू देत नाही. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ साठी तर ती आवश्यकच ठरविण्यात आली. तिचा उपयोग मी नाकारीत नाही. लॅपटॉप चोरीला गेला तरी आतील कागदपत्रे चोराला वाचता येत नाहीत, ही लहान सोय नव्हे. परंतु तुमच्या यंत्रात काय चालले आहे याची ग्वाही हीच चिप बाहेरच्या कंपनीलाही देऊ शकते, आणि ते पसंत नसल्यास कंपनी तुम्हाला दार बंद करू शकते. पैसे तुम्ही मोजलेत, पहारेकरी मात्र दुसऱ्याचा!

सूत्रे बाहेरच्या हाती असली की काय घडते, हे जुलै २००९ मध्ये दिसले. तेथे या चिपचा संबंध नव्हता, पण वृत्ती तीच होती. ॲमेझॉनने विकलेल्या काही प्रतींच्या हक्कांबाबत वाद निघताच कंपनीने त्या ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर पुसून टाकल्या. पुस्तके कोणती? जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म'! पैसे परत मिळाले, कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. पण घरात शिरून कपाटातील पुस्तक उचलून नेणाऱ्या दुकानदाराला आपण काय म्हणू?

'ज्याच्या मनात पाप नाही त्याने कशाला भ्यावे?' असा एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. असे विचारणारे सद्गृहस्थही घरचे पत्र पाकिटात घालून चिकटवितात. पोलिसांची अडचण खोटी नाही, हे मान्य. गुन्ह्याचा तपास झालाच पाहिजे. परंतु एका संशयिताच्या घराची झडती न्यायालयाच्या हुकुमाने घेणे वेगळे, आणि उद्या लागेल म्हणून साऱ्या गावाच्या घरांची दुसरी किल्ली आजच चावडीवर टांगून ठेवणे वेगळे. टांगलेली किल्ली सज्जनाच्याच हाती पडेल, याची हमी कोण देणार?

आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. या हक्कावर मर्यादा घालायची तर तिला कायद्याचा आधार हवा आणि ती प्रमाणात हवी, ही त्या निकालातील भूमिका आहे. परंतु कायदा पुस्तकात राहतो आणि यंत्र खिशात.

म्हणून, मित्रहो, 'सुरक्षित' आणि 'विश्वासू' हे शब्द कानी पडताच आपण व्याकरणाचे साधे प्रश्न विचारावेत. कोणाची सुरक्षा? कोणापासून? आणि किल्ली कोणाजवळ? शब्दाला त्याचा कर्ता विचारणे हे तर भाषेच्या विद्यार्थ्याचे नेहमीचेच काम. जे यंत्र माझे, त्याची अखेरची किल्ली माझ्याच हाती असावी. एवढे ज्याला मान्य नाही त्याने ते यंत्र मला खुशाल विकावे, पण त्याला माझा विश्वासू म्हणू नये.