शिवणीवाचून भरकटलेला चेंडू

२०१० च्या दक्षिण आफ्रिकेतल्या फुटबॉल विश्वचषकात सर्वाधिक शिव्या खाल्ल्या त्या ‘जाबुलानी’ या चेंडूने. ब्राझीलचा गोलरक्षक ज्युलिओ सेझारला तो सुपरमार्केटात मिळणाऱ्या चेंडूसारखा वाटला. आता गोल खाल्ला की चेंडू वाईट, ही गोलरक्षकांची जुनीच रड. पण त्याच संघात गोल मारायला असलेला लुईस फाबियानोही कुरकुरू लागला, तेव्हा कुठेतरी पाणी मुरत होते हे नक्की.

ते मुरत होते शिवणीत. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकातल्या ‘टेलस्टार’ला ३२ तुकडे होते: २० पांढरे षटकोन, १२ काळे पंचकोन. कृष्णधवल टीव्हीवर उठून दिसावा म्हणून तो रंग. २००६ मध्ये तुकडे १४ वर आले, शिलाई जाऊन उष्णतेने सांधणे आले. जाबुलानीत उरले फक्त ८. चेंडू गोल गरगरीत झाला, पण हवेला धरायला काही राहिले नाही. शिवण चेंडूलगतची हवा घुसळते. ती नीट घुसळली नाही, तर न फिरणारा चेंडू वाटेतच डुलू लागतो. क्रिकेटच्या स्विंगचा अभ्यास करणारे ‘नासा’तले रबी मेहता यांनी हे तपासले. जुन्या धाटणीचा चेंडू ताशी ५० किलोमीटरच्या आसपास डुलतो, जाबुलानी ८० च्या आसपास. नेमका फ्री किकचा वेग! उरुग्वेच्या दिएगो फोर्लानने मात्र त्याच चेंडूने ५ गोल मारले, हेही खरे.

चेंडूवरून भांडणे पहिल्या विश्वचषकापासूनची. १९३० ची अंतिम लढत मोंटेव्हिडिओत. अर्जेंटिना आणि उरुग्वे दोघांनाही आपापलाच चेंडू हवा. तोड निघाली ती अशी, की पूर्वार्धात अर्जेंटिनाचा चेंडू, उत्तरार्धात उरुग्वेचा. मध्यंतराला अर्जेंटिना २-१ ने पुढे, शेवटी उरुग्वे ४-२ ने विजयी. त्या चेंडूंना बुटासारखी नाडी असायची. ती बाजू कपाळावर आली की हेडर मारणाऱ्याचे डोके सणकायचे.

तेव्हा निदान भांडणारे खेळाडू होते. आता दर चार वर्षांनी नवा चेंडू लागतो तो खेळाला नव्हे, दुकानाला. खेळाडूंनी निमूट सवय करून घ्यायची.

२०१४ च्या ‘ब्राझुका’त तुकडे आणखी घटून ६ झाले, पण ते असे वळणावळणाचे कापले, की शिवणीची एकूण लांबी जाबुलानीपेक्षा खूपच वाढली. चेंडू ताळ्यावर आला. त्या स्पर्धेसाठी तो पाकिस्तानात सियालकोटलाही बनला. फाळणीनंतर तिथल्याच कारागिरांनी जालंधरला बस्तान बसवले, आणि भारतातल्या मैदानांवर त्यांचे चेंडू पोचले.

२०२६ साठीचा ‘ट्रायोंडा’ तर ४ च तुकड्यांचा. मात्र त्याच्या शिवणी मुद्दाम खोल ठेवल्या आहेत, वर अंगावर खाचाही कोरल्या आहेत.