डाग गेला, पण रंगही गेला!

मोटारीवरील डाग काढण्याचे काम आज आपल्या अनेक कारागीर बांधवांच्या हाती आहे. मुंबईत कुर्ल्याचा सी.एस.टी. रोड असो की पुण्यातील नाना पेठेचा परिसर, धुलाई, डेंटिंग-पेंटिंग व पॉलिशची कामे करणारी आपली माणसे जागोजागी दिसतात. हातात हुनर आहे, मेहनतीत कोणी मागे नाही. तरीही चांगले गिऱ्हाईक हळूहळू काचेच्या मोठ्या 'डिटेलिंग' दुकानांकडे वळत आहे. आमच्या मते याचे एक कारण साधे आहे. आपल्याकडे प्रत्येक डागाला एकच औषध, ते म्हणजे रबिंग कंपाऊंड!

आम्ही कापडाचे व्यापारी. मोटारीच्या रंगाविषयी आम्ही का बोलावे, असे कोणी विचारील. पण डाग हा कापडवाल्याचा जुना वैरी आहे. आमच्या धंद्याचा पहिला नियम असा की, आधी डाग ओळखा, मग कापड ओळखा आणि मगच हात लावा. तेलाच्या डागाला जे चालते ते गंजाच्या डागाला चालत नाही. सुताला जे सोसते ते रेशमाला सोसत नाही. मोटारीच्या पत्र्यालाही हाच न्याय लागू आहे.

कंपाऊंडची सवय आली कोठून? अँबेसिडर आणि पद्मिनीच्या जमान्यात पत्र्यावर बहुधा रंगाचाच थर वर असे. घासले की मेलेला रंग फडक्याला लागे आणि खालून ताजा रंग वर येई. उस्तादांनी जे शिकवले ते त्या काळी बरोबरच होते. आता मोटारीची घडण बदलली आहे. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर 'क्लिअर कोट' नावाचा पारदर्शक थर असतो. हे सगळे थर मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे जवळजवळ वहीच्या एका कागदाएवढी. त्यात क्लिअर कोट अवघा 40 ते 50 मायक्रॉनचा. माणसाचा केससुद्धा बहुधा याहून जाड असतो! रंगाला उन्हापासून वाचवतो तो हाच थर. कंपाऊंड डाग विरघळवीत नाही, तो हा थरच खरवडतो. आज चमक येते, गिऱ्हाईक खूश होऊन जाते. पण वारंवार घासलेल्या जागी पुढे ऊन लागून पांढुरके चट्टे पडतात, पोपडे निघतात आणि सगळा भाग नव्याने रंगवावा लागतो. गिऱ्हाइकाची मोटार ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. त्याच्या नकळत तिचे आयुष्य कमी करणे हा सचोटीचा धंदा नव्हे.

मग करावे काय? मोटार सावलीत घ्यावी, पत्रा थंड होऊ द्यावा आणि शाम्पूने धुऊन घ्यावी. नंतर प्लॅस्टिकची पातळ पिशवी हातात घालून डागावरून बोट फिरवावे. खरखर लागली तर डाग वर बसलेला आहे, तो निघेल. खड्डा लागला तर रंगच खाल्ला गेला आहे. तो डाग नव्हे, जखम आहे.

पक्ष्याची विष्ठा आम्लधर्मी असते, शिवाय उन्हात वाळताना ती रंगावर ओरखडा ठेवून जाते. तिच्यावर ओले फडके पाच-दहा मिनिटे ठेवावे आणि भिजल्यावर अलगद उचलावे. सुकी कधीही खरवडू नये. डांबराला पाणी आणि साबण दाद देत नाहीत. त्याला डांबर काढण्याचे तयार द्रव किंवा थोडे टर्पेंटाईन फडक्यावर घेऊन लावावे आणि लगेच साबणाने धुवावे. थिनर मात्र दूर ठेवावा, कारण गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या भागाचा रंग तो उतरवू शकतो. बोअरवेलच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके हा क्षार असतो. निम्मे पाणी घातलेला पांढरा व्हिनेगर मिनिटभर लावून भरपूर पाण्याने धुतला की बरेचसे ठिपके जातात. संडास साफ करण्याचे ॲसिड कोणी वापरत असेल तर त्याचा हात तिथेच धरावा! पांढऱ्या मोटारीवरील तांबूस टिपके हे ब्रेकच्या किंवा रेल्वेच्या लोखंडाचे कण असतात. त्यांच्यासाठी वेगळे द्रव मिळते. लोखंड लागले की ते जांभळे होते. ते वापरताना हातमोजे घालावेत. एवढे करूनही खरखर राहिली तर साबणाच्या पाण्यात भिजवून क्ले हळूच फिरवावी. जमिनीवर पडलेला क्लेचा तुकडा पुन्हा वापरू नये, त्यात खडे बसतात. बारीक पॉलिशचा नंबर यानंतर, आणि कंपाऊंड सर्वांत शेवटी.

कोणतेही द्रव आधी आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून पाहावे. आम्हीही कापडाचा रंग पक्का की कच्चा हे आतल्या शिवणीवरच पाहतो.

फडक्याबद्दल तर आम्ही हक्काने सांगू. गॅरेजात वजनावर येणाऱ्या चिंध्यांमध्ये जाड शिवण, बटणे, चेन, वाळूचे कण सगळे येते. चकचकीत रंगावर दिसणारे गोल-गोल ओरखडे पुष्कळदा अशा फडक्याचेच असतात. रंगासाठी मायक्रोफायबरचे फडके वेगळे ठेवावे, इंजिन पुसायच्या चिंध्यांत मिसळू देऊ नये.

कोणी म्हणेल, गिऱ्हाईक दहा मिनिटांत काम मागते आणि पैसे देताना कुरकुरते. एवढे सोपस्कार परवडतील कसे? अडचण खरी आहे. पण घासण्याची मजुरी मागणारा कारागीर कायम घासाघीसच सोसत राहतो. डाग कशाचा आहे, किती निघेल, किती निघणार नाही, हे कामाआधी सांगणाऱ्याला ज्ञानाची किंमत मिळते. 'हा खड्डा आहे, घासला तर पुढे रंग जाईल' असे स्पष्ट सांगून एखादे काम सोडणाऱ्याकडेच तो गिऱ्हाईक पुढच्या वेळी विश्वासाने येतो.

तेव्हा उस्तादांनी आपल्या शागीर्दांना मशीन हाती देण्याआधी डाग ओळखायला शिकवावे. हे शिक्षण काचेच्या दुकानांची मिरासदारी नाही. ते आपल्या गल्लीतील गॅरेजमध्येही देता येते, आणि त्याला भांडवल म्हणून दोन-तीन बाटल्या, स्वच्छ फडकी आणि थोडा धीर पुरेसा आहे.