मधली वर्षे कोण मोजणार?

मागच्या महिन्यात मुंबईहून आत्याचा फोन आला. "एक कागद आलाय. तू येऊन वाच, मगच मी सही करीन."

मी म्हटले, "अगं, घरात शिकलेला मुलगा आहे, सून आहे. मी कशाला?"

"घरात वाचणारे पुष्कळ आहेत गं. मला माहेरचं माणूस पाहिजे. त्याला माझ्या घरातलं काही नको असतं."

या वाक्यावर मी बिदरहून मुंबईची गाडी पकडली.

वाचकहो, आमची आत्या चिंताकीची. दिली उदगीरला. तिच्या लहानपणी चिंताकी आणि उदगीर एकाच बिदर जिल्ह्यात होते. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, उदगीर मुंबई राज्यात गेले आणि आपण म्हैसूर राज्यात आलो. लग्न होऊन ती परराज्यात गेली आणि आतोबांच्या नोकरीपायी पुढे मुंबईत गोरेगावला. तिथल्या मोतीलाल नगरात तिने उभा जन्म काढला.

मोतीलाल नगर म्हणजे गृहनिर्माण मंडळाची १९६०च्या दशकातली वसाहत. ओळीने बैठी घरे आणि दोन ओळींमध्ये रस्ता. मुंबई म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे इमारती येतात, पण आत्याची गल्ली पाहून मला आपल्याकडची ओणीच आठवते. दुपारी सगळे चिडीचूप. दारात तुळस, कट्ट्यावर निवडायला घेतलेली मेथी. कोणाकडे पाहुणा आला की चार घरांना कळते. मूळ घरे लहान. कुटुंबे वाढली तशी लोकांनी ती पुढेमागे वाढवली आणि वाढीव बांधकामांचा वाद पार उच्च न्यायालयापर्यंत गेला.

आता या सगळ्या वसाहतीचा पुनर्विकास ठरला आहे. जागा सुमारे १४३ एकर, कुटुंबे आणि दुकाने मिळून ३,७००. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हाडाला हे काम विकासकाकडून करून घेण्याची परवानगी दिली. निविदेत अदानी समूहाची बोली सर्वांत मोठी ठरली आणि जुलै २०२५ मध्ये करार झाला. राहत्या घराला १,६०० चौरस फूट बिल्टअप जागा देऊ केली आहे. काही रहिवाशांचे म्हणणे, एवढ्या जमिनीच्या मानाने हे कमी आहे, आम्हाला २,४०० चौरस फूट हवेत. गल्लीत दोघे भेटले की बोलणे फुटांवर येते.

आत्याच्या हातातला कागद मात्र म्हाडाचाही नव्हता आणि विकासकाचाही नव्हता. तो तिच्या मुलानेच वकिलाकडून करून आणलेला होता. हक्कसोडपत्र! आतोबा जाऊन नऊ वर्षे झाली, तरी घर अजून त्यांच्याच नावावर. पुनर्विकासात पात्र कोण, हे कागदावरच्या नावावरून ठरते. तेव्हा आई आणि बहिणीने हक्क सोडावा आणि घर एकट्या मुलाच्या नावावर व्हावे, असा त्याचा बेत.

तो वाईट मुलगा नाही. आईचे औषधपाणी तोच पाहतो. मला म्हणाला, "ताई, तिला या वयात कचेरीच्या पायऱ्या कशाला चढायला लावायच्या? एक नाव असलं की काम सुटसुटीत होतं." त्यातही तथ्य आहेच.

पण मी कागद वाचायला घेतला तेव्हा स्वयंपाकघरातून सून बाहेर आली. ती आळंदची, माहेरची भाषा कन्नड. मी वाचून संपवायच्या आत ती हळूच सासूला म्हणाली, "अत्ती, ओदि सही माड्री." वाचून मगच सही करा. नवऱ्याने चमकून पाहिले. त्याला कन्नड येत नाही, पण आत्याला येते. लहानपणी चिंताकीच्या गल्लीत शिकलेली भाषा अशी मुंबईत उपयोगाला आली.

मग मी एकेक ओळ सोपी करून सांगितली. हिंदू वारसा कायदा १९५६चा. मृत्युपत्र नसेल तर नवऱ्यामागे बायको, मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा. हक्कसोडपत्राची नोंदणी झाली की तो वाटा गेला. पुढे मन बदलले तरी तो सहजासहजी परत येत नाही.

आत्या शांतपणे ऐकत होती. शेवटी तिने विचारले, "नवीन घर कधी मिळणार?"

मुलगा म्हणाला, "सात वर्षांची मुदत सांगतात."

"मला आता अठ्ठ्याहत्तर. म्हणजे पंच्याऐंशी." एवढेच बोलून ती कट्ट्यावर जाऊन बसली.

नवे घर किती मोठे, हे सगळे मोजतात. जुने घर आणि नवे घर यांच्या मधली वर्षे कोणी मोजत नाही. तिशीतल्या माणसाला सात वर्षे म्हणजे मुलाचे शाळेत जाणे. अठ्ठ्याहत्तरीतल्या बाईला तेवढीच उरलेली असू शकतात. त्या वर्षांत ती कोणाच्या आधाराने राहणार, कोणाच्या शब्दावर? घर तिच्या नावावर असेल तर ती घरधनीण. नसेल तर मुलाकडे राहणारी आई. मुलगा कितीही चांगला असो, या दोन्हींत फरक आहे.

मुदती लांबतात, हे तर गोरेगावकरांना सांगावे लागत नाही. जवळच सिद्धार्थनगरची पत्राचाळ आहे. ६७२ कुटुंबे, ४७ एकर जागा, २००८चा करार. लोकांनी घरे रिकामी केली. पुढे भाडे थांबले, काम रखडले, २०१८ साली म्हाडाने विकासकाला दूर केले. दशकाहून जास्त काळ लोक भाड्याच्या घरांत ताटकळले, आणि काही म्हातारी माणसे नवे घर न पाहताच गेली.

दुसरी बाजूही सांगायला हवी. वरळीच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या राहिल्या. तिथल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्या आनंदाला नावे ठेवणारी मी कोण? "घर पाहावे बांधून" ही म्हण काही उगीच पडलेली नाही, बांधून होईपर्यंतच सगळी परीक्षा असते.

म्हणून आत्याच्या घरी बसून आम्ही एका वहीत प्रश्न लिहिले. आपली ओळ कितव्या टप्प्यात? मध्ये कुठे राहावे लागणार का, आणि लागले तर भाडे किती वर्षांचे, कोण देणार? १,६०० फूट बिल्टअप म्हणजे आत वापरायला किती? भिंतीच्या आतले क्षेत्र वेगळे लिहून मागायचे. नव्या इमारतीत लिफ्ट, पाणी, पहारेकरी यांचा महिन्याचा खर्च किती? आज आत्याच्या घराला लिफ्ट लागत नाही, उद्या तिचेही पैसे भरावे लागतील. वही सुनेने लिहिली, निम्मी मराठीत, निम्मी कन्नडमध्ये. तिला तसेच भरभर लिहिता येते.

हक्कसोडपत्रावर सही झाली नाही. उदगीरहून लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "घर आईच्या नावावर होत असेल तर मी वाटेल तिथे सही करते." मुलगा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानेच वकिलाला फोन केला, की घर आधी आईच्या नावावर करायचे. तिच्यामागे काय करायचे ते ती मृत्युपत्रात लिहील.

निघताना आत्या कट्ट्यावर बसून होती. म्हणाली, "नवं घर मला दिसेल की नाही, देवाला ठाऊक. पण तोवर मी कोणाच्या घरात राहते ते मला ठाऊक आहे."

गाडीत बसल्यावर मला आपल्याकडची घरे आठवू लागली. बिदर, कलबुर्गीतही आता जुने वाडे पाडून मजले चढताहेत. भावाभावांत कागद फिरताहेत, कधी कन्नडमध्ये, कधी इंग्रजीत. आणि सही करणारी आई फक्त मराठी वाचते.

आज संध्याकाळी एवढे करा. घराचा उतारा काढा आणि खाते कोणाच्या नावावर आहे ते पाहा. आजोबांचेच नाव असेल, तर आजीला शेजारी बसवून तो तिला वाचून दाखवा, तिच्या भाषेत.